बारावीनंतर गळणारी मुलं: भागीदारीतला प्रकल्प कसा उभा करायचा

बारावी पास झालेली सगळी मुलं ऑगस्टपर्यंत पदवीच्या वर्गात पोहोचतात असं नाही. मधल्या दोन-तीन महिन्यांत कुणी एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागतो, कुणाला नातेवाइकाच्या दुकानात बसवतात, कुणा मुलीला स्थळ येतं. तालुक्याच्या ठिकाणी काम करणारी मंडळं, शिक्षक, माजी विद्यार्थी यांना ही मुलं नावानिशी माहीत असतात. त्यांच्यासाठी काही करायचं ठरलं की पहिला विचार फीचा येतो: देणगी गोळा करू, दहा मुलांची फी भरू. हेतू चांगला आहे, पण पुढच्या वर्षी देणगी आटते आणि मुलगा दुसऱ्या वर्षाला अडतो.

फीचा मोठा भाग उचलणाऱ्या योजना महाराष्ट्रात आधीपासून आहेत. मुलं अडतात ती त्या योजनांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर. कागद पूर्ण नसतात, पैसे उशिरा येतात आणि अडल्यावर विचारायला जवळ माणूस नसतो. ही तिन्ही कामं एकट्या संस्थेच्या आवाक्यातली नाहीत. कनिष्ठ महाविद्यालय, वरिष्ठ महाविद्यालय, स्थानिक संस्था, ग्रामपंचायत आणि पैसे देणारा असे चार-पाच जण एकत्र आले तरच ती होतात. तसा प्रकल्प पहिल्यांदाच उभा करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी गळती मोजा

प्रस्ताव लिहिण्याआधी एक काम करा. आपल्या भागातल्या एक-दोन कनिष्ठ महाविद्यालयांतून दोन वर्षांपूर्वीच्या बारावीची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे लिहा: आज हा विद्यार्थी कुठे आहे? प्राचार्यांची परवानगी आणि वर्गशिक्षकांची साथ असली की हे काम फोनवर आणि थोड्या गावभेटींत होतं.

घरी गेल्यावर ‘शिक्षण का सोडलंस?’ असं विचारू नका. त्याला ठरलेलं उत्तर मिळतं, ‘परिस्थिती नव्हती’ किंवा ‘आवड नव्हती’. त्याऐवजी ‘कॉलेजात शेवटचं कधी गेला होतास आणि कशासाठी?’ असं विचारा. मग खरी जागा कळते. प्रवेशाच्या दिवशी पूर्ण फी मागितली. उत्पन्नाचा दाखला आला नाही. वसतिगृहाची यादी लागली तोवर खोलीचं भाडं परवडेना. एसटीची शेवटची गाडी साडेपाचला आणि प्रात्यक्षिक सहापर्यंत. या नोंदी म्हणजेच तुमचा प्रकल्प आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशाचं एकूण नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षण घेणाऱ्यांचं प्रमाण) २८.४ टक्के होतं, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. हे आकडे प्रत्येक प्रस्तावात असतात. निधी देणाऱ्याला थांबायला लावतो तो तुमच्या तालुक्याचा, नावांच्या यादीतून निघालेला आकडा.

कुठल्या मुलाला काय मिळू शकतं, याचा तक्ता करा

सरकार जे देतं ते प्रकल्पाच्या पैशातून देऊ नका. हा नियम पहिल्या बैठकीतच ठरवा. त्यासाठी योजना माहीत हव्यात. अनुसूचित जातींसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, त्यापुढच्यांसाठी फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. घराबाहेर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जिच्यातून मोठ्या महानगरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत थेट खात्यात येतात. तशाच धर्तीवर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागास, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. गावातल्या किती पालकांना हे ठाऊक आहे, ते एकदा विचारून पाहा.

अटी आणि रकमा बदलत राहतात, म्हणून तक्ता दर जूनमध्ये नवा करा, त्यावर तारीख घाला आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळावरची माहिती ताडून घ्या. गेल्या वर्षीचा तक्ता भिंतीवर राहिला तर तो मुलांचं नुकसान करतो.

कागद: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नवखे गट या कामाला किरकोळ समजतात. माझ्या मते प्रकल्पाचं निम्मं यश इथेच ठरतं.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर हे कागद आपले सरकार सेवा केंद्रातून, तहसील आणि प्रांत कार्यालयातून मिळतात. निकालानंतर सगळे एकदमच धावतात आणि रांगा लागतात. म्हणून एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष लागताच, उत्पन्नाच्या दाखल्यांचं शिबिर कनिष्ठ महाविद्यालयातच घ्या. तलाठी आणि सेवा केंद्राचा चालक यांना त्याच जागी बोलवा. पालकाची एक रोजंदारी वाचते. दाखल्याच्या किमतीपेक्षा ती रोजंदारी मोठी असते.

अवघड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतं, आणि जातीचा दाखला काढला म्हणजे काम झालं अशा समजुतीत असलेल्या घरांना ऐन प्रवेशाच्या वेळी धक्का बसतो. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती ते देते. अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती आहे. पुरावा मागच्या पिढ्यांचा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, अशा त्या मानीव तारखा; पुरावा त्या तारखेआधीचा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, खासरापत्रक, जुने फेरफार असं शोधावं लागतं. पश्चिम महाराष्ट्रात यातलं बरंच मोडीत असतं, मराठवाड्यात निजामकाळातलं उर्दूत. इथे भागीदारी कामाला येते: जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात मोडी वाचणारे असतात, उर्दू शाळेतले शिक्षक मदत करतात. त्यांना रीतसर प्रकल्पात घ्या आणि मानधन द्या.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे आधीच वैधता असेल तर काम फार सोपं होतं, म्हणून चौकशी चुलते, चुलत भावंडं यांच्यापासून सुरू करा. जमीन नसलेल्या, गाव बदलत फिरलेल्या कुटुंबांकडे लेखी नोंदी जवळजवळ नसतातच. त्यांची प्रकरणं सगळ्यात आधी हातात घ्या. हे काम बारावीनंतर सुरू करून चालत नाही. अकरावीच्या पहिल्या सत्रातच वंशावळ लिहून घ्या.

शेवटचा अडथळा बँकेचा. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते. खातं आहे, आधार दिलेला आहे, पण थेट लाभासाठी ते जोडलेलं नाही, असं सर्रास होतं. कधी ते भलत्याच जुन्या खात्याला जोडलेलं असतं. अर्ज भरायच्या आधी प्रत्येकाचं खातं तपासा.

भागीदार कोण आणि कशासाठी

प्रत्येक भागीदार त्याच्याशिवाय दुसरं कुणी करू शकणार नाही अशा कामासाठीच घ्यावा. शोभेची नावं बैठकीत अडचण करतात.

कनिष्ठ महाविद्यालयाकडे मुलं आणि पालकांचा विश्वास असतो. वरिष्ठ महाविद्यालयाकडे जागा, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, आणि असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजना. शिवाय तिथे एक माणूस असतो ज्याच्याशिवाय काही हलत नाही: शिष्यवृत्तीचं काम पाहणारा लिपिक. महाडीबीटीवरचा अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो आणि तिथून पुढे सरकतो. शेकडो अर्ज आणि एक माणूस, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती. त्याला पहिल्या बैठकीपासून बोलवा, त्याच्या हाताशी सत्रापुरता एक मदतनीस द्या. प्राचार्यांच्या सहीइतकंच हे महत्त्वाचं आहे.

ग्रामपंचायतीला विसरू नका. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि शिक्षण हा त्यातल्या खर्चाच्या विषयांपैकी एक आहे. त्याचं ठरवते ग्रामसभा. बिगर-आदिवासी भागातही अभ्यासिकेसाठी खोली, वीज, कपाट एवढं गावानं दिलं तरी बाहेरच्या पैशाला आधार मिळतो. आपल्याकडे हे नवीन नाही. राजर्षी शाहूंच्या काळात कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं दरबारच्या मदतीवर आणि त्या त्या समाजाच्या वर्गणीवर उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं, ते लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि विद्यार्थ्यांच्या श्रमावर. गावाचा वाटा असला की गाव विचारपूस करतं. प्रकल्पाला ती विचारपूस हवी असते.

पैसा कुठून आणि कुणाच्या नावावर

प्रकल्पाला एक मुख्य संस्था लागते. पैसे तिच्या खात्यात येणार, हिशेब तिला द्यावा लागणार. तुमचं मंडळ नोंदणीकृत नसेल तर नोंदणीच्या मागे वर्ष घालवू नका. आधीपासून काम करणारी, लेखापरीक्षण वेळेवर होणारी एखादी सार्वजनिक न्यास किंवा संस्था शोधा आणि तुम्ही सहभागी भागीदार व्हा.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीला सीएसआर म्हणतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के यासाठी खर्च करावे लागतात. हा पैसा घेणाऱ्या संस्थेकडे आयकराची १२अ (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक लागतो. कंपनीनं आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. म्हणून मुंबईतल्या मुख्यालयांना पत्रं पाठवत बसण्यापेक्षा जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला भेटा. छोट्या दोन-तीन कंपन्या मिळून एक प्रकल्प करू शकतात. प्रत्येकीनं आपला खर्च वेगळा दाखवायचा एवढंच.

तीन गोष्टी नवख्यांना कुणी सांगत नाही. पहिली: प्रशासकीय खर्चाची पाच टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. तुमच्या प्रकल्पातल्या कार्यकर्त्याचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च असतो, हे ठामपणे मांडा. दुसरी: संस्थेच्या कायम निधीत (कॉर्पसमध्ये) घातलेली रक्कम २०२१ पासून सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. तिसरी: कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि त्याचा आराखडा आधी ठरतो. दिवाळीनंतर भेटी, जानेवारीपर्यंत प्रस्ताव, असं वेळापत्रक ठेवा. मार्चमध्ये उरलेला पैसा घाईनं मिळाला तरी सावध राहा, कारण तो खर्च करायची घाई तुमच्या गळ्यात पडते. मोठ्या कामासाठी चालू प्रकल्प म्हणून मंजुरी मागा. सुरुवातीचं वर्ष सोडून तो आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, आणि पदवी तीन-चार वर्षांची असते.

परदेशातले मराठी लोक मदतीला तयार असतात. त्यांची मदत घेण्याआधी नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं बँकेतून पाठवलेली देणगी परदेशी योगदान मानली जात नाही. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याची मानली जाते, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) कार्ड असलं तरी. तशी देणगी परदेशी योगदानाची परवानगी नसलेल्या संस्थेला घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर परवानगी असलेल्या संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. भागीदारीच्या प्रकल्पाला हा नियम थेट लागू होतो, म्हणून तो कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवा.

जिल्हा नियोजन समितीकडेही नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसा असतो. तो शासकीय विभागामार्फत येतो, त्यामुळे समाजकल्याण किंवा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला सोबत घेऊनच जावं लागतं.

अंदाजपत्रकात माणूस आधी लिहा

समजा, तीन कनिष्ठ महाविद्यालयांतली साठ मुलं पहिल्या वर्षी घ्यायची. सर्वात मोठा आकडा दोन पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनाचा असावा, आणि ते त्याच तालुक्यातले, शक्यतो घरातले पहिलेच पदवीधर असावेत. त्यातली एक मुलगी असलीच पाहिजे, कारण मुलींच्या घरी बोलणी तिच्याशीच होतात. त्यांचा प्रवासखर्च आणि फोन वेगळा लिहा. मग कागदांचा खर्च, वसतिगृहाची अनामत, पहिल्या सत्राचा बसपास, इंग्रजी आणि संगणकाचा पुलवर्ग (बारावी आणि पदवी यांतलं अंतर भरून काढणारा वर्ग), लेखापरीक्षकाची फी. निधी देणारे मानधन कापतात आणि बॅगा-वह्या वाढवतात. तिथे नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणा. बॅग दुकानात मिळते. समितीच्या तारखेला पणजोबाचा उतारा घेऊन उभा राहणारा माणूस दुकानात मिळत नाही.

शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या महिन्यांसाठी एक फिरता निधी ठेवा. मुलाला बिनव्याजी रक्कम द्यायची, शिष्यवृत्ती जमा झाली की त्यानं परत करायची. हा निधी सीएसआरमधून नको. माजी विद्यार्थी आणि गावकऱ्यांच्या देणगीतून वेगळ्या खात्यात ठेवा. परतफेड न झाल्यास मुलाची कागदपत्रं अडवायची नाहीत, हे लिहूनच ठेवा. काही रक्कम परत येणार नाही, तेवढी तयारी ठेवावी.

सहभागी छोट्या संस्थेचा वाटा अंदाजपत्रकात वेगळा दिसला पाहिजे. घरोघरी फिरणारी संस्था फुकट आणि अहवाल लिहिणारी पगारी, अशी रचना अन्यायाची आहे आणि ती टिकतही नाही.

करार

पैसे येण्याआधी सामंजस्य करार करा. पाच-सहा पानं पुरे, आणि मराठीतच. कोणतं काम कुणाचं, पैसे कोणत्या हप्त्यात, निवड कुणी करायची, मतभेद झाला तर कुणाकडे जायचं, एखादा भागीदार मध्येच बाहेर पडला तर चालू मुलांचं काय, एवढं त्यात हवं. निवड समितीत कुणाही एका भागीदाराचं बहुमत नको. स्थानिक पुढाऱ्यांच्या शिफारशी येणारच. निकष आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले असले की नाही म्हणणं सोपं जातं.

मुलांच्या माहितीबद्दल एक कलम घाला. बारावीतले बरेच जण अठरा वर्षांखालचे असतात, तेव्हा पालकांची लेखी संमती घ्या. जात, उत्पन्न, आधार हा तपशील व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही. निधी देणाऱ्याला यादी हवी असेल तर क्रमांक द्या, नावं नकोत. धनादेश देताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढणंही टाळा. तुम्ही करारात लिहिलं तर बहुतेक कंपन्या ऐकतात.

वर्ष चालवताना

अहवालात ‘किती लाभार्थी’ एवढंच देऊन भागत नाही. चार नोंदी ठेवा: किती मुलांनी अर्ज केले, किती प्रत्यक्ष प्रवेशित झाले, किती जणांच्या खात्यात शिष्यवृत्ती आली आणि कोणत्या महिन्यात, आणि किती जण दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला बसले. तिसरी नोंद विशेष जपा. तीन वर्षांच्या अशा तारखा हातात असल्या की समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे तुम्ही तक्रार घेऊन न जाता तक्ता घेऊन जाता, आणि बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

बिलं महिन्याच्या महिन्याला लावा. उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) उशिरा गेलं की पुढचा हप्ता अडतो, आणि तो अडला की पहिला फटका कार्यकर्त्याच्या मानधनाला बसतो.

पहिल्या सत्रात घरापासून दूर गेलेली मुलं न बोलता परत येतात. इंग्रजीतून शिकवलेलं कळत नाही, मेसचं बिल थकतं, वर्गात ओळख नसते. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत दर आठवड्याला एक फोन आणि महिन्यात एक भेट, हे कार्यकर्त्याच्या कामाच्या यादीत लेखी असावं. त्याच गावची, वरच्या वर्गातली मुलं सोबतीला जोडून द्या. ज्यांना शहरात राहणं शक्यच नाही, त्यांना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं जवळचं अभ्यासकेंद्र दाखवा. नोकरी, शेती, संसार सांभाळून घेतलेली पदवीही पदवीच आहे.

दुसऱ्या वर्षाचं काम पहिलं वर्ष संपण्याआधी सुरू होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरणासाठी भरावा लागतो आणि मुलं तो विसरतात, कारण एकदा मिळाली म्हणजे मिळत राहील असं त्यांना वाटतं. एप्रिलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यांच्या शिबिराला नव्या अकरावी-बारावीसोबत या जुन्या मुलांनाही बोलवा, आणि निकाल लागताच त्यांची गुणपत्रकं स्कॅन करून ठेवा.